निधान

पट्टण पंचायतीच्या दाराला तीन पायऱ्या आहेत.
अर्ज घेणारा माणूस आत असतो.
मी बाहेर, खुर्चीवर,
अंगठ्याखाली एक काळी कांडी:
पुढं ढकलली की चाकं पुढं, सोडली की उभी.
इतकं साधं आहे ते, खानापुरात
कुणाला समजावून सांगायला दोन महिने गेले.

शिपाई उतरून आला. अर्जी कन्नडातनं पाहिजे म्हणाला.
मी मराठीतनं लिहिली होती, ठळक,
कौलांच्या कारखान्यात पंधरा वर्षं
फुटक्या-धडक्याचा हिशेब लिहिलेला हात माझा.
चौकातल्या झेरॉक्सवाल्या फकीराप्पानं उतरवून दिली,
वीस रुपये घेतले, वरनं विचारलं,
गाडीचा नंबर काय घालू?

बाजाराच्या दिवशी आठ ते सहा
पेठेत वाहनांना मनाई.
पोलिसानं शिट्टी मारली तेव्हा
मीच मान वळवून बघितलं होतं,
कुणाची गाडी शिरली म्हणून.

नियमांच्या वहीत हातगाडी आहे,
बैलगाडी आहे, सायकलीला वेगळं कलम,
नवरदेवाच्या घोड्यालासुद्धा अर्धा तास.
कर भरायला गेले तर म्हणाले, हे वाहन नव्हेच.
कांदे आणायला गेले तर म्हणाले, हे वाहनच की वो.
रात्री बॅटरी लावून पडले
तरी डोक्यात तेच चाललेलं.
करंट दोनदा गेला.

तिसऱ्या खेपेला हुक्केरी क्लार्क स्वतः उतरला,
फाईल काखेत, हातात घड्याळ.
बेळगावहून उत्तर आलंय म्हणाला,
चालत्या माणसाच्या वेगानं जात असेल
तर वाहन नव्हे.
चालतं माणूस म्हंजे कोण वो, साहेब?
त्यानं पान उलटलं, मागची बाजू बघितली.
तिथं काही नव्हतं.

मग निघालो दोघं मोजायला.
फणसाच्या झाडापासनं टाकीपर्यंत चाळीस मीटर.
रेघ मारायला खडू नव्हता,
त्यानं तंबाखूच्या डबीतला चुना
बोटानं जमिनीला लावला.

हुक्केरीचा डावा गुडघा गेलेला.
मला ठाऊक नव्हतं, पंचायतीलाही नसावं.
आठ पावलं, की हात मांडीवर.
मी कांडी सोडायची. तो निघाला की पुन्हा धरायची.
निधान, तो म्हणाला, स्वल्प निधान, अक्का.

निधान. त्याच्याकडं त्याचा अर्थ हळू.
माझ्याकडं जमिनीत पुरलेला हंडा,
कुणाला तरी स्वप्नात दिसलेला,
खणायला गेलं की कोळसे निघणारा.
एवढी वर्षं ह्या गावात दोन्ही ऐकत आले,
शेजारी ठेवून कधी बघितले नव्हते.

एक मिनिट बारा सेकंद.
ताशी दोन किलोमीटर, त्यानं जागेवरच लिहिलं,
खाली सही, खाली शिक्का,
शिक्का आणायला एकदा वर जाऊन आला,
एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत.
त्याच्या गुडघ्याचा वेग आता माझा नियम.

बाजारात मला म्हाताऱ्या मागं टाकतात.
शेळ्या टाकतात. काजूगराची पाटी डोक्यावर घेऊन
कणकुंबीची बाई टाकते, वर हसते.
मला वांगी सगळी दिसतात, किडकी पण,
तराजूखाली चिकटवलेला चिंचेचा गोळा दिसतो,
आणि पोलीस, शिट्टी ओठात,
वाजवू का नको.

काल गर्दीतनं हुक्केरी आला.
न विचारता पिशवी माझ्या खुर्चीला अडकवली,
नारळ असावेत, जड होती,
आणि पाठीला धरून चालायला लागला.
मी म्हटलं, साहेब, मालवाहतूक झाली ही,
वहीत तिचं कलम वेगळं आहे.
त्यानं हात काढला नाही.
अर्जी कोड्री, अक्का, म्हणाला.